अ‍ॅक्रिलिक टाकीवरील कॅनोपीची भारमर्यादा न कळविता वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: टाकीची मधली पट्टी झुकल्याबाबत व कॅनोपीची सुरक्षित भारमर्यादा लेखी मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची 120 सेंटिमीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच अ‍ॅक्रिलिकची मत्स्यटाकी व आपल्याच कॅटलॉगमधील तिच्यावर बसणारी प्लायवुडची कॅनोपी (आत दिवे लावता येणारे पेटीसारखे झाकण) मी एकत्र खरेदी केली. समोरच्या आणि मागच्या भिंतीला वरून जोडणारी टाकीची मधली पट्टी आता खाली झुकली असून, ती कडेच्या चौकटीला जिथे मिळते त्या आतल्या कोपऱ्यांत केसासारख्या बारीक चिरा दिसू लागल्या आहेत. वॉरंटीखाली दुरुस्ती मागितली असता ‘टाकीवर अतिरिक्त भार ठेवल्याचे’ कारण देऊन आपण ती नाकारली. किती किलोंच्या वरचा भार अतिरिक्त समजायचा, हे मात्र आपल्या पत्रात नाही, माहितीपुस्तिकेत नाही आणि वॉरंटीच्या अटींतही नाही.

दूरध्वनीवर विचारले तेव्हा आपल्या एका प्रतिनिधीने 40 किलोंपर्यंत चालेल असे सांगितले, तर दुसऱ्याने टाकीवर काहीच ठेवू नका असे बजावले. ते वजन टाकीच्या नेमक्या कोणत्या भागावर टेकते, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही आणि सारा प्रश्न तिथेच आहे. अ‍ॅक्रिलिकच्या उभ्या भिंतींवर, म्हणजे चारही कडांवर सारखा वाटला जाणारा भार आणि मधल्या पट्टीवर टेकणारा भार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काचेच्या तुलनेत अ‍ॅक्रिलिकचा ताठपणा सुमारे विसावा हिस्साच असतो. 10 मिलिमीटर जाडीच्या, 15 सेंटिमीटर रुंदीच्या आणि अर्धा मीटर अंतर पार करणाऱ्या पट्टीच्या मध्यावर केवळ 5 किलोंचे वजन ठेवले, तरी तिची टोके किती घट्ट धरलेली आहेत त्यानुसार ती एक ते साडेतीन मिलिमीटर वाकते, असा साधा हिशेब सांगतो. तेच वजन कडांवर टेकले असते तर पट्टीला त्याचा स्पर्शही झाला नसता.

हा हिशेब फक्त वजन ठेवल्या क्षणाचा आहे. सतत भाराखाली राहिलेले अ‍ॅक्रिलिक हळूहळू वाकतच जाते, दिव्यांच्या उष्णतेने ते अधिक नरम पडते, आणि खालून दमट तर वरून कोरडी राहणारी पट्टी त्या कारणानेही आकार सोडते. मी कॅनोपी उतरवून दिवे छताला टांगले आहेत, तरीही पट्टीचा बाक पूर्ण गेलेला नाही. घरातल्या माणसांना आणि माशांना असलेला धोका लक्षात घेता मला याची खरी काळजी वाटते, कारण ती पट्टी झाकण पेलण्यासाठी बसवलेली नसून भिंतींना बाहेर फुगण्यापासून रोखण्यासाठी आहे. टाकी काठोकाठ भरली की 120 बाय 60 सेंटिमीटरच्या समोरच्या भिंतीवर पाण्याचा एकूण रेटा 200 किलोंहून अधिक वजनाइतका असतो. चिरा गेलेली पट्टी तुटली, तर तो सगळा ताण सांध्यांवर येईल आणि भरलेल्या टाकीत सुमारे 400 लिटर पाणी असते.

आता आपल्या कॅनोपीविषयी. 18 मिलिमीटरच्या प्लायवुडचे वजन दर चौरस मीटरला 11 ते 12 किलोंच्या आसपास भरते, म्हणजे दिवे न लावताही ही कॅनोपी 15 किलोंच्या वर जाते. तिच्या आत आडवी लाकडी पट्टी आहे, आणि ती नेमकी टाकीच्या मधल्या पट्टीवर टेकते. दिवे त्याच लाकडाला अडकवण्याची सोय आपण करून दिली आहे. शिवाय मागच्या बिजागरीवर कॅनोपी उघडली की तिचे बरेचसे वजन मागच्या कडेवर जाते, याचाही पुस्तिकेत उल्लेख नाही. आपणच आखलेली वस्तू आपल्याच टाकीवर सांगितल्याप्रमाणे बसवली असता तिला अतिरिक्त भार म्हणणे मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी आहे की आपला तंत्रज्ञ पाठवून पट्टीची व सांध्यांची तपासणी करावी आणि टाकीचा वरचा भाग किंवा संपूर्ण टाकी वॉरंटीखाली बदलून द्यावी. त्याचबरोबर या मॉडेलसाठी कडांवर वाटलेला भार किती चालतो, मधल्या पट्टीवर किती (माझ्या मते तिथे शून्यच लिहिले पाहिजे), आणि ही मर्यादा कायमच्या भारासाठी व कोणत्या तापमानापर्यंत लागू आहे, हे लेखी कळवावे. असे आकडे पुस्तिकेत छापले जाईपर्यंत ‘अतिरिक्त भार’ हे कलम कोणत्याही ग्राहकाविरुद्ध वापरू नये, आणि ज्यांनी हीच कॅनोपी घेतली आहे त्या सर्वांना आतली आडवी पट्टी काढण्याची सूचना त्वरित द्यावी.

झुकलेल्या पट्टीची व चिरांची छायाचित्रे, खरेदीची पावती आणि आपल्या नकारपत्राची प्रत सोबत जोडली आहे. टाकीतील पाणी मी निम्म्यावर आणून ठेवले आहे आणि मासे अशा अवस्थेत फार काळ ठेवता येणार नाहीत, त्यामुळे तपासणीची तारीख कृपया उलट टपाली कळवावी.

कळावे,
आपला ग्राहक