न पोहोचलेल्या विमानाची मुदत

संपादक महोदय,

31 वर्षं दिवाणी न्यायालयात कारकुनी केली. दाव्यावर 'मुदतबाह्य' शेरा लिहिताना हात कधी थांबला नाही. पण 2020 साली आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावरच्या हिमनदीतून 1966 सालची भारतीय वर्तमानपत्रं वर आल्याचं वाचलं आणि थबकलो. मथळे अजून वाचता येत होते म्हणे! मुंबईहून निघून तिथे कोसळलेल्या एअर इंडियाच्या 'कांचनजंगा' विमानातली ती. 24 जानेवारीला 117 जण गेले, डॉ. होमी भाभा त्यातलेच.

कागद वर यायला 54 वर्षं आणि विमान कंपनीवरच्या दाव्याची मुदत दोन! तीही 'विमान पोहोचायला हवं होतं' त्या दिवसापासून. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या जुन्या वॉर्सा करारातली ही अट नंतरच्या माँट्रियल करारातही तशीच राहिली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रकरण मालवाहतुकीचं असलं तरी, मुदत कायद्याच्या सवलती या दोन वर्षांच्या मुदतीला लागू नाहीत असं सांगितलं. म्हणजे विलंबमाफीचा अर्जही गेला.

जून 2025 मधल्या अहमदाबाद विमान दुर्घटनेतल्या प्रवाशांच्या वारसांसाठी ही मुदत जून 2027 मध्ये संपते. चौकशी अहवालाची वाट पाहत बसू नका. आधी वकील गाठा, दावा दाखल करा, नंबर पडल्याची पावती जपून ठेवा.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, ठाणे