मेटल डिटेक्टरला आधी सापडतो तो सेंट

महोदय,

मोबाइलवरच्या चित्रफितींत मेटल डिटेक्टर फिरवला की दोन मिनिटांत सोन्याची अंगठी निघते. त्या पाहून अमेरिकेतल्या मुला-नातवंडांसाठी हे यंत्र घ्यायला निघालेल्या वाचकांना तिथल्या मातीतून खरोखर काय निघते, हे आधी कळायला हवे. निघते ती चिल्लर, आणि त्यातही सर्वांत जास्त एक सेंटचे नाणे. टांकसाळीने सर्वांत जास्त पाडलेले नाणे तेच, आणि खिशातून गवतात पडले तर वाकून कोणी उचलत नाही असेही तेच. 2025 मध्ये चलनासाठी सेंट पाडणे बंद झाले, तरी मातीतला साठा पिढ्यान्‌पिढ्या पुरेल इतका आहे.

सेंट मुख्यतः दोन जातींचे आहेत. 1982 मध्ये धातू बदलेपर्यंतचे 95 टक्के तांब्याचे, वजन 3.11 ग्रॅम. त्यानंतरचे 97.5 टक्के जस्ताचे, वरून तांब्याचा पातळ मुलामा, वजन 2.5 ग्रॅम. 1982 सालचे नाणे असेल तर वजनकाट्यावर ठेवावे, म्हणजे जात कळते. तांब्याचा सेंट मातीत हिरवट-तपकिरी होतो, पण शाबूत राहतो. जस्ताच्या सेंटचे तसे नाही. मुलाम्याला एक ओरखडा पडला आणि ओल आत शिरली की तांबे राहते आणि जस्त आधी झिजते. कडा कुरतडल्यासारख्या होतात, पृष्ठभागावर खड्डे पडतात, पांढरट भुकटी धरते. यंत्र प्रत्येक वस्तूसाठी पडद्यावर एक आकडा दाखवते. असा सेंट आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा खाली दाखवतो, म्हणून नवखा माणूस काही वेगळे लागले समजून खणत बसतो.

पडद्यावरचा आकडा यंत्रागणिक बदलतो, पण नाण्यांचा क्रम सहसा बदलत नाही. सर्वांत खाली पाच सेंटचे निकेल, मग जस्ताचा सेंट, त्यावर तांब्याचा सेंट आणि दहा सेंटचा डाइम जवळजवळ एकाच जागी, त्याहून वर पंचवीस सेंटचा क्वार्टर. निकेल आणि डाइम दोन्ही दिसायला पांढरे, मग एक तळाशी आणि दुसरे वर का? निकेलचे नाणे आरपार 75 टक्के तांबे व 25 टक्के निकेल अशा मिश्रधातूचे आहे आणि ते मिश्रण वीज फारशी वाहू देत नाही. 1965 पासूनच्या डाइम व क्वार्टरवर त्याच मिश्रधातूची फक्त साल आहे, गाभा शुद्ध तांब्याचा. यंत्राला तो गाभा जाणवतो.

नवख्यांची मोठी चूक इथेच होते. शीतपेयाच्या डब्याची ओढायची कडी आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचे तुकडे निकेलच्याच पट्ट्यात, म्हणजे जवळपास त्याच आकड्यांत, आवाज देतात, म्हणून कंटाळून तो पट्टा यंत्रातून बंद केला जातो. पण सोन्याच्या पुष्कळशा अंगठ्याही त्याच पट्ट्यात बोलतात. कड्या खणायची तयारी नसेल तर निकेलही मिळणार नाहीत आणि अंगठीही नाही. फक्त लोखंड गाळावे, बाकी सगळे ऐकावे. लोखंड गाळताना 1943 चा सेंट तेवढा हातचा जातो, कारण युद्धकाळात तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा केला होता.

बागेतली बहुतेक नाणी वरच्या सहाएक इंचांतच असतात. पावसानंतर माती ओली असताना यंत्र जास्त खोलचे ऐकते आणि गवतही नीट कापले जाते. कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची तबकडी, जमिनीलगत आडवी, सावकाश फिरवावी. एका दिशेने आवाज आला की नव्वद अंशात वळून पुन्हा फिरवावी. दोन्हीकडून तोच आकडा आला तर नाणे असण्याची शक्यता जास्त. मग यंत्राच्या पिनपॉइंट या नेमकी जागा दाखवणाऱ्या सोयीने जागा पक्की करून गवताची ढेप तीन बाजूंनी कापावी, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून उलटवावी. सुटी माती फडक्यावर काढावी आणि शेवटी सगळी परत भरून ढेप पायाने दाबावी. खड्डे उघडे टाकून जाणाऱ्यांमुळेच बागा या छंदाला बंद होतात.

चांदी हवी असेल तर कड बघावी. 1964 पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर 90 टक्के चांदीचे, त्यांच्या कडेला तांब्याची लाल रेघ नसते आणि मातीतून ते बरेचदा उजळच निघतात. जुनी नाणी घासू नयेत, नुसत्या पाण्याखाली धरावीत. 1965 पासूनच्या तपकिरी पडलेल्या चिल्लरला मत्स्यटाकीतली खडी, पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून डब्यात फिरवले तर चालते, मात्र सेंट वेगळे फिरवावेत. एकत्र टाकले तर पांढरी नाणी गुलाबी होतात.

जागेची परवानगी शहरागणिक बदलते, म्हणून स्थानिक उद्यान खात्याला आधी विचारावे. राष्ट्रीय उद्यानांत हे यंत्र वापरायलाही बंदी आहे.

आणि सुट्टीत महाराष्ट्रात येताना हे यंत्र कृपा करून गडावर नेऊ नका. इथेही मातीत मिळते ते रोजच्या बाजाराचेच नाणे, तांब्याची शिवराई. पण ती कोणत्या वाड्याच्या जोत्यात, कोणत्या थरात होती, यावरूनच त्या जागेचा काळ ठरवायला मदत होते. उपटून खिशात घातली की ते सगळे गेले. संरक्षित स्मारकात परवानगीवाचून खणणे गुन्हा आहे. शिवाय 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. पावसाने उघडी पडलेली शिवराई दिसली तर हलवू नका. जागेसकट फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक