मुके खिळे

मिरज,
रविवार दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, "बाबा, इंग्रजीत जे अक्षर बोलायचं नाही ते लिहायचं तरी कशाला?" अभ्यासिकेच्या जिन्यात उभी होतीस, मागून कुणीतरी शुक् शुक् केलं आणि फोन बंद झाला. प्रश्न माझ्याकडेच राहिला. हे मेसेजमध्ये मावणारं नाही, आणि तुझी आई चिवड्याचा डबा पाठवतेच आहे, म्हणून त्याच्यासोबत हे पत्र.

तुझ्या स्पेलिंगच्या यादीतले बहुतेक शब्द जी-एचचे (gh) आहेत. हे दोन खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, माझ्या हातून किती वेळा गेले असतील याला गणती नाही. छापखान्यात लागलो तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. देवनागरीच्या केसेस, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे, अंगवळणी पडायला वर्ष गेलं. इंग्रजी त्या मानाने पोरखेळ. छोट्या लिपीत 'ई'चा खण सगळ्यात मोठा, कारण तोच सारखा लागतो. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या पट्टीत, ओळ उलटी दिसते, त्यामुळे खिळे जुळवणारा जुळारी शब्द वाचत नाही, खिळे मोजतो. 'लाइट' म्हणजे एल-आय-जी-एच-टी. खिळे पाच, ऐकू येतात तीन. उरलेले दोन फुकटचे का, हे मलाही तेव्हा छळायचं. मालकांच्या टेबलावर शब्दांच्या उगमासकट अर्थ देणारी जाडजूड डिक्शनरी होती. वीज गेली की मशीन थांबायचं, आणि मी दारातल्या उजेडात ती मांडीवर घेऊन बसायचो.

तर ते दोन फुकटचे नव्हते. हजार वर्षांपूर्वी इंग्रज रात्रीला 'निख्ट'च्या जवळपास काहीतरी म्हणायचे, घसा खरवडून. मुलीला 'दोख्तर'. त्या आवाजासाठी ते नुसता एच लिहीत. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, आणि पुढे त्या एचच्या आधी जी लावायची रीत पडली. मग हळूहळू तो आवाजच लंडनकडच्या लोकांच्या तोंडातून गेला. पण तोवर 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला होता. बोलणं बदलत राहिलं, खिळे जुन्याच जागी बसत राहिले. स्कॉट बोलीत 'निख्ट' अजून ऐकू येतं, जर्मनीत रात्र म्हणजे 'नाख्ट'.

आता तुझी आजी आठव. श्रावणात ती नक्त करायची. दिवसभर उपाशी आणि दिवेलागणीनंतर जेवण. नक्त म्हणजे रात्र. ते नक्त आणि इंग्रजांची नाइट या एका कुळातल्या. आजीच्या नक्तातला 'क्' त्यांच्याकडे घशात गेला आणि जी-एच होऊन बसला. आठाचंही तसंच: आपला अष्ट, लॅटिन ऑक्टो, जर्मन आख्ट, इंग्रजी एट. आणि डॉटर म्हणजे दुहिता. दुहितेतला 'ह' म्हण आणि मग डॉटरमध्ये जी-एच लिही, विसरणार नाहीस. (याचा अर्थ इंग्रजी संस्कृतातून निघाली असा नव्हे. कट्ट्यावर असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. दोघी एकाच जुन्या घरातून निघालेल्या, एवढंच.)

काही शब्दांत तो आवाज मेला नाही, घशातून ओठांवर आला आणि 'फ' झाला. रफ म्हणजे खडबडीत, टफ म्हणजे चिवट, इनफ म्हणजे पुरेसं, लाफ म्हणजे हसणं. कफ म्हणजे खोकला. तो शेवटचा 'फ' काढून 'ख' लावून म्हणून बघ, उबळच येते. पण बाव म्हणजे फांदी, प्लाव म्हणजे नांगर, डो म्हणजे मळलेली कणीक, यांना तेच ओ-यू-जी-एच आणि उच्चार भलतेच. इथे माझ्याकडे युक्ती नाही, घोकच. अमेरिकेत नांगराचं स्पेलिंग पी-एल-ओ-डब्ल्यू करून टाकलंय, पण तुझ्या पेपरात ते लिहू नकोस.

ड्राउटवर तू अडलीस म्हणे. ड्राउट म्हणजे अवर्षण. त्याचं मूळ ड्रायमध्ये, म्हणजे कोरडं. दुष्काळी जतकडच्या माणसाला हा अर्थ पाठ करावा लागत नाही. नेबरमध्ये पहिला भाग नाय, म्हणजे जवळ, आणि दुसरा राहणारा किंवा कुणबी: जवळ राहणारा तो शेजारी. फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री. आपल्या पंधरवड्यापेक्षा एक कमी कशी, हे मला अजून गंमतीचं वाटतं. आणि नॉटी! नॉट म्हणजे शून्य. नॉटी म्हणजे आधी ज्याच्यापाशी काही नाही असा, मग वाईट चालीचा, आणि शेवटी नुसता खोडकर. गरीब माणूस वाईट ठरायला भाषेला फार वेळ लागत नाही बघ.

काही जी-एच मात्र खरोखरच चुकून शिरलेले आहेत. डिलाइट म्हणजे आनंद. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जी-एच नव्हतं. लाइट, नाइट यांच्या संगतीत राहून त्यानेही लावून घेतलं. घोस्टची गोष्ट माझ्या आवडीची. भुताला जुन्या इंग्रजीत 'गास्ट' म्हणत, एच कुठेच नव्हता. कॅक्स्टनने पहिला छापखाना काढला तो ब्रूजमध्ये, म्हणजे आताच्या बेल्जियममध्ये, आणि तिकडच्या फ्लेमिश लोकांच्या लिहिण्यात भूत जी-एचने सुरू होई. तेच वळण त्याच्या छापखान्यातून इंग्लंडात आलं. हंसाच्या 'गूज'मध्येही हा एच काही काळ होता, पुढे गळून गेला. भुताचा मात्र राहिला. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या जुळाऱ्याची सवय आज तू पुण्यात बसून पाठ करतेयस.

घी, घाट हे शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेले. तिथे जी-एच म्हणजे सरळ आपला घ, त्यात काही कोडं नाही. स्पॅगेटी, घेट्टो हे इटालियन. तिकडे ईच्या आधी नुसता जी आला तर 'ज' होतो, म्हणून ग टिकवायला एच.

आता एक तुला कधी न सांगितलेलं. कामाला लागून तिसरं वर्ष. लग्नाच्या इंग्रजी पत्रिका, तीनशे प्रती, सोनेरी शाई. जुळणी माझी. प्रूफ मालकांनी चष्मा न लावता पाहिलं आणि "चालू दे" म्हणाले. पत्रिका मुलीच्या वडिलांच्या हातात पडली, त्यांनी उभ्याउभ्या वाचली आणि ज्या शब्दाने त्यांच्या मुलीची ओळख करून दिली होती त्याच शब्दावर बोट ठेवलं. ओरडले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. रात्री बसून सगळ्या पुन्हा छापल्या. कागदाचे पैसे तीन महिने माझ्या पगारातून गेले. मालकांच्या चष्म्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

जुन्या पत्रिकांची रद्दी झाली. एक मी ट्रंकेत ठेवली होती, ती या पाकिटात घातलीय. जी आणि एच दोन्ही आहेत तिच्यात, एकही खिळा कमी नाही. तरी चूक आहे. जिन्यात उभी राहून नको, खोलीवर गेल्यावर शोध, आणि सापडली की फोन कर.

डबा रिकामा परत आण, झाकणासकट. आई विचारतेय.

तुझे,
बाबा