सूचना : ऑफिसचा लॅपटॉप घरच्या वायफायला लागत नसेल तर

सभासदहो, गेले काही दिवस ग्रुपवर एकच तक्रार येते आहे : मोबाइलला वायफाय लागतं, ऑफिसच्या लॅपटॉपला मात्र लागत नाही. मोबाइल चालतोय ना, मग राउटर रीसेट करायची घाई नको.

आधी लॅपटॉपमधलं ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड नव्याने टाका, डोळ्याचं चिन्ह दाबून, अक्षरं दिसतील असा. परवा माझंच कॅप्स लॉक चालू होतं आणि अर्धा तास मी राउटरला शिव्या घालत होतो!

तरी नाही जमलं, तर राउटरची सुरक्षा सेटिंग बघा. डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, आली २०१८ मध्ये. त्याआधीच्या बऱ्याच लॅपटॉपना ती कळत नाही. म्हणून राउटरवर डब्ल्यूपीए२ (आधीची पद्धत) आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवा. यादीत नावच दिसत नसेल, तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचा बँड (वायफायचा एक लहरींचा पट्टा; काही जुन्या लॅपटॉपना फक्त तोच दिसतो) सुरू आहे का पाहा. वायफाय लागून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) अडत असेल, तर लॅपटॉपची तारीख-वेळ तपासा.

पासवर्डच काढून टाकायचा ‘उपाय’ कृपया कोणी करू नये. लॅपटॉप सेटिंग बदलूच देत नसेल, तर ती ऑफिसने बंद केलेली असते. तिथे आयटीवाल्यांनाच गाठा. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना पासवर्ड झाका.