भावी डॉक्टरांच्या मंडळाला उपविधी द्या : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य,
तथा प्र-कुलपती, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी मंडळांसाठी नमुना उपविधी (संस्था चालवण्याचे लिखित नियम) तयार करण्याबाबत

महोदय,

सोलापूर जिल्ह्यात सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात माझी ३१ वर्षे गेली. यंत्रमागवाल्यांच्या संस्था, पतसंस्था, नोकरदारांच्या पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था. डॉक्टरकीतले मला रक्तदाबाच्या गोळीपलीकडे काही कळत नाही आणि निवृत्तीनंतर कोणाचे दप्तर उघडायचे नाही असे ठरवलेही होते. पण गेल्या फेब्रुवारीत एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थी मंडळाचा हिशोब माझ्या जेवणाच्या टेबलावर आला. कापडाच्या दुकानाच्या पिशवीत.

पिशवी माझ्या नातीची. ती एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालय कोणते ते लिहीत नाही. सोलापूरचे नाही, एवढे सांगतो, म्हणजे इथे कोणाच्या कपाळाला आठी नको. गॅदरिंगसाठी तिला खजिनदार केले होते. 'केले होते' हा शब्द जाणूनबुजून लिहिला. सभा नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. हॉस्टेलच्या एका खोलीत रात्री सिनिअर मंडळी बसली आणि सकाळी व्हॉट्सॲपवर नावे आली : हा जी.एस. (जनरल सेक्रेटरी), ही एल.आर. (लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह), हा कल्चरल, ही खजिनदार. तिने विचारले, 'मी जी.एस.ला उभी राहू शकते का?' उत्तर आले की मुलींसाठी एल.आर. आहे ना. वर्गात निम्म्याच्या आसपास मुली आहेत म्हणे. (सहकारातही संचालक मंडळात बायकांना दोनच राखीव जागा असतात, तेव्हा आम्ही फार बोलू नये. पण निदान त्या दोन कायद्यात लिहिलेल्या असतात आणि त्यापलीकडे उभे राहायला कोणी अडवत नाही.)

आता पिशवी. पहिल्या वर्षाच्या १५० मुलांकडून प्रत्येकी २,५०० रुपये. वरच्या दोन बॅचच्या ३०० जणांकडून प्रत्येकी ८००. पीजी प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासकडून मंडपाबाहेर फलक लावायचे ६०,०००. जमा ६,७५,०००. पावत्या होत्या ४,९१,३०० रुपयांच्या. उरलेला १,८३,३६० रुपयांचा खर्च वहीच्या पाठच्या पानांवर पेनाने लिहिलेला : 'साऊंडवाला ॲडव्हान्स', 'नाश्ता, व्हॉलंटिअर', 'सरांसाठी गाडी', आणि एका ओळीत नुसतेच 'विशाल'. शिल्लक ३४० रुपये, पाकिटात.

महोदय, बेरीज रुपयाला रुपया जुळली. मी तीनदा केली. या मुलांनी पैसे खाल्ले नाहीत, हे मी तपासनीस म्हणून सांगतो. पैसे खाणाऱ्याची किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) इतकी भाबडी नसते. पण रुपयातले २७ पैसे कागदाविना खर्ची पडलेली संस्था माझ्याकडे आली असती तर मी तिला सगळ्यात खालचा 'ड' वर्ग देऊन दोषदुरुस्ती अहवाल मागवला असता. इथे तो मागायचा कोणाकडे? अध्यक्ष म्हणून डीनसाहेबांचे नाव पत्रिकेवर छापलेले होते. हिशोबाच्या वहीत त्यांची एकही सही नव्हती.

याहून वाईट गोष्ट पैसे आले कुठे ही. मंडळाला बँक खाते नाही. सगळी वर्गणी जी.एस.च्या स्वतःच्या खात्यात, मोबाइलवरून. त्या पोराचे वडील कोरडवाहू शेतकरी, तो शिष्यवृत्तीवर शिकणारा. आठवड्यात खात्यात पावणेसात लाख येऊन गेलेले पाहून बँकेने त्याला बोलावले. काय सांगणार? मंडळाचा ठराव दाखवायचा तर मंडळ कागदावर आहेच कुठे? तो दोन रात्री झोपला नाही, असे नात म्हणाली. पुढच्या वर्षी जी.एस. व्हायला म्हणे कोणी तयार नाही. व्हावे तरी कशाला?

आमच्या शहरात गणपतीच्या मंडळाला वर्गणी मागायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. कुंभारीला विडी वळणाऱ्या बायकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. सुमारे १०,००० घरे उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग त्या कार्यक्रमाला आले होते. त्यातल्या कित्येक बायकांना सहीपुरतीच अक्षरे येत असतील. पण सहकारी संस्था म्हटली की उपविधी आले, प्रोसिडिंग बुक आले, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आली. गल्लीतल्या बचत गटाच्या बायकासुद्धा बैठकीत वही उघडून रक्कम मोठ्याने वाचतात. मग नीटमध्ये राज्यातून वर आलेल्या पोरांचे मंडळ कापडाच्या पिशवीत का चालावे?

कोणी म्हणेल, पोरासोरांचे गॅदरिंग ते, त्याला कसला कायदा? रीतीने चालू द्या की. यावर मी बराच विचार केला, कारण रीतीने चालणारी फार मोठी गोष्ट आमच्याच जिल्ह्यात दरवर्षी येते. माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या आधी चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारा मानकरी, हातातला दंड (चोप) उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग आरती. तक्रार निवारणाची इतकी सुरेख सोय मी एकाही उपविधीत वाचलेली नाही, आणि त्यात अर्जाचा नमुना नाही की मुदत नाही. पण ती चालते, कारण माणसे तीच असतात. विणेकऱ्याचा मुलगा विणेकरी, गेल्या वर्षीचा निवाडा या वर्षी दहा जणांना पाठ. विद्यार्थी मंडळात साडेचार वर्षांत अख्खी दिंडीच बदलते. कोणाला काही आठवत नाही, आणि जे आठवते ते शेवटच्या वर्षाच्या सोयीचे आठवते. 'आपल्याकडे असंच असतं' हे वाक्य नात रोज ऐकते. म्हणणाऱ्याचा तिथला मुक्काम तीन वर्षांचा असतो. जिथे माणसे टिकत नाहीत तिथे कागद टिकायला हवा. एवढे एकच म्हणणे घेऊन मी हे पत्र लिहीत आहे.

एडिनबरोला वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १७३७ साली काढलेली रॉयल मेडिकल सोसायटी आहे, असे नातीने दाखवले. तिला १७७८ मध्ये राजाची सनद मिळाली. अजूनही ती विद्यार्थीच चालवतात, अध्यक्षही विद्यार्थीच असतो. जवळजवळ तीनशे वर्षांत किती बॅच आल्या आणि गेल्या असतील! पोरे बदलली, सनद राहिली. आम्ही तेवढे जुने नाही. सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. पण १९६३ पासूनचे विद्यार्थी मंडळाचे इतिवृत्त राज्यातल्या कोणत्या महाविद्यालयात सलग सापडेल, हे आपल्या खात्याने एकदा पत्र काढून विचारावे.

कायद्याचे म्हणाल तर तिथेही ही मुले दोन खुर्च्यांच्या मध्ये पडली आहेत. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका घालवून गुणांवर नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, निदान पुस्तकात. पण आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कायदा वेगळा, १९९८ चा. त्यामुळे कला-वाणिज्यवाल्यांसाठी जे ठरते ते इथे आपोआप लागू होत नाही. विद्यार्थी निवडणुकांवरील लिंगडोह समितीचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केला, त्यात मात्र बरेच आयते मिळते. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशोब, ७५ टक्के हजेरी, पदाधिकारी होण्याची संधी एकदाच. पदवीच्या उमेदवाराला १७ ते २२ ही वयाची अट आहे, पण लांबलचक व्यावसायिक अभ्यासक्रमांना ती सैल करायला मोकळीक ठेवली आहे. म्हणजे डॉक्टरकीच्या मुलांचाही विचार कोणीतरी केला होता.

वर्गणीच्या बाबतीत तर एक गोष्ट वाचून मी चष्मा पुसून परत वाचली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत, नव्या विद्यार्थ्यावर जबरदस्तीने खर्चाचा बोजा टाकणे हेही रॅगिंगच धरले आहे. पहिल्या वर्षाला २,५०० आणि वरच्यांना ८००, हा दर कोणी ठरवला? न देणाऱ्यांची नावे ग्रुपवर टाकली होती. नातीनेच टाकली होती, कारण खजिनदार तीच. मी तिला नियम वाचून दाखवला तेव्हा ती गप्प झाली. नंतर म्हणाली, 'आजोबा, मला पण तसंच मागितलं होतं ओ.'

आणि त्या क्लासच्या फलकाचे ६०,०००. आज क्लास आहे, उद्या औषध कंपनी येईल. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेऊ नयेत असा नियम २००९ पासून आहे. विद्यार्थी अजून डॉक्टर नाहीत, ही पळवाट झाली. सवय मात्र इथेच लागते, तीही चांगल्या हेतूने, मंडपाचे भाडे भागवण्यासाठी.

संस्था म्हणून नोंदणी करा, हा सोपा सल्ला मी देणार नाही. सात सभासद जमवून नोंदणी होईल. पण दरवर्षी पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहिला की पुढचा अडकतो. मी चांगल्या शिकलेल्या विश्वस्तांच्या संस्था पंधरा-पंधरा वर्षे चेंज रिपोर्टपायी लोंबकळताना पाहिल्या आहेत. वॉर्ड पोस्टिंग सांभाळून पोरे वकिलाच्या पायऱ्या कधी झिजवणार? आणि नोंदणी झाली की महाविद्यालयही हात झटकायला मोकळे.

त्यापेक्षा आपल्या खात्याने एक काम करावे. गृहनिर्माण संस्थांना शासन नमुना उपविधी देते. ते स्वीकारायचे, गरजेप्रमाणे सभेत बदलायचे. तसेच चार पानांचे उपविधी विद्यापीठामार्फत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावेत. चारच पाने, चाळीस केलीत तर कोणी वाचणार नाही. निवडणूक गुप्त मतदानाने, सगळी पदे सगळ्यांना खुली. राष्ट्रीयीकृत बँकेत मंडळाच्या नावाने महाविद्यालयाने उघडलेले खाते, त्यावर एका प्राध्यापकाची आणि विद्यार्थी खजिनदाराची मिळून सही. नुसती प्राध्यापकाची सही ठेवाल तर मंडळ डीन कार्यालयाचे एक टेबल होईल, आणि नुसती विद्यार्थ्याची ठेवाल तर पुन्हा पिशवी. वर्गणी सर्व वर्षांना सारखी आणि ऐच्छिक. पैसे देऊ करणारा कोण, हे आधी सभेत सांगायचे. कार्यक्रम झाल्यावर महिनाभरात जमाखर्च सूचनाफलकावर. जुन्या मंडळाने नव्या मंडळाला दप्तर देताना दोघांच्या सह्यांची यादी : इतिवृत्त, किर्द, पावतीपुस्तके, शिल्लक, साऊंडवाल्याची उधारी, क्रिकेटच्या किटमध्ये बॅटी किती. हसू नका, बॅटींवरून भांडणे होतात.

तक्रारीचे मी मुद्दाम शेवटी ठेवले. जी.एस.विरुद्ध तक्रार जी.एस.कडेच जाते आणि प्राध्यापकाविरुद्धची तक्रार त्याच्याच विभागात, जिथे पुढच्या महिन्यात व्हायवा (तोंडी परीक्षा) असते. तक्रार ऐकणाऱ्यांत एक जण तरी बाहेरचा हवा, ज्याच्या हातात मुलांचे गुण नाहीत. टाळ वाजवत राहिल्यावर जवळ येणारा कोणीतरी.

तपासणीला माणसे कुठून आणायची, अशी अडचण आपले सचिव काढतील. प्रत्येक जिल्ह्यात माझ्यासारखे निवृत्त लेखापरीक्षक घरी बसून पेपरातली कोडी सोडवत आहेत. वर्षातून दोन दुपारी आम्ही फुकट देऊ. मी तर सोलापूरपुरता आजच नाव देतो. चहा महाविद्यालयाने पाजावा.

एक लहान काम उरले आहे. ते ३४० रुपयांचे पाकीट नातीने माझ्याकडे ठेवायला दिले आहे. जुना जी.एस. परीक्षेच्या गडबडीत आहे, नवा अजून ठरलेला नाही, प्राध्यापकसाहेब म्हणतात माझा संबंध नाही. पाकिटावर मी रक्कम, तारीख आणि नोटांचा तपशील लिहून सही केली आहे. ते कोणाच्या नावे जमा करून पावती घ्यावी, तेवढे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपला,
एक निवृत्त सहकारी लेखापरीक्षक
साखर पेठ, सोलापूर