कुंभार्ली घाट चढण्याआधी स्टेअरिंगची गळती

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर बाबांनी स्टेअरिंगचा विषय दोन वाक्यांत उरकला. नंतर आईने स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बाकीचं सांगितलं. सकाळी गाडी काढताना स्टेअरिंग जड लागतं, वळवलं की घूं घूं आवाज येतो, अंगणातल्या फरशीवर लालसर डाग पडतो आणि बाबा मधूनमधून बाटलीतलं ऑइल भरत राहतात. फोनवर बाबा “बघू गं” म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी माझं मागणं. गळती कुठे आहे ते सापडून ती बंद होईपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही. गॅरेजपर्यंत न्यावी लागेल, तेव्हा बॉनेटखालच्या स्टेअरिंग ऑइलच्या डबीत ऑइल किती आहे ते बघून हळू न्या. भाऊबीजेला कराडला जायचंच आहे, तर एसटीने जाऊ, नाहीतर मी पुण्याहून येते आणि माझ्या गाडीतून जाऊ. आई, हे तू धरून ठेव.

बाबा, तुम्ही म्हणालात, “ऑइल संपलं तरी चाकं वळतातच.” ते खरं आहे. स्टेअरिंग आणि चाकं लोखंडाने जोडलेलीच असतात. पण इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप ऑइलला दाब देतो आणि तो दाब रॅकला, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या भागाला, ढकलतो, म्हणून एवढी जड गाडी तुम्ही सहज वळवता. तो दाब गेला की सगळा भार हातांवर येतो, आणि वेग जितका कमी तितका तो जास्त जाणवतो. घाटाखालचं पोफळी सोडून वर चढताना अवघड वळणं अशाच कमी वेगात घ्यावी लागतात, समोरून ट्रक उतरत असतो आणि तुमचा उजवा खांदा अजून पूर्ण वर जात नाही. पंपातून गळणारं ऑइल बेल्टवर उडालं तर बेल्ट घसरतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर आणखीही कामं असतात. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर धूर येतो, पेटूही शकतं. म्हणून मी एवढी मागे लागले आहे.

दादा म्हणतो गाडी विकून टाका. मला ते पटत नाही. तुम्ही दोघं मनात येईल तेव्हा परशुरामाला जाता, डॉक्टरांकडे कुणाची वाट न बघता जाता, हे मला फार मोलाचं वाटतं. बाबांच्या हातात गाडी असावी, आणि म्हणूनच ती धड असावी.

आता गॅरेजवाल्याने दुरुस्तीचे म्हणून सांगितलेल्या बत्तीस हजारांबद्दल. “रॅक गेलाय, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल” असं त्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून उभ्याउभ्या सांगितलं. गाडी वर घेतली नाही, खाली वाकून पाहिलं नाही. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याचा अंदाज बरोबरही निघेल. पण गळती चार-पाच ठिकाणी असू शकते आणि प्रत्येक ठिकाणचा खर्च वेगळा आहे. परतीच्या पाइपची क्लिप सैल झाली असेल तर काम अगदी किरकोळ. प्रेशर होज, म्हणजे पंपातून दाबाचं ऑइल नेणारा पाइप, तडकला असेल तर तो बदलायचा. पंपाच्या शाफ्टचं ऑइल सील गेलं असेल तर पंप उतरवावा लागतो. आणि रॅकच्या टोकांना जे रबरी बूट, म्हणजे घडीदार आवरणं, असतात, त्यांत ऑइल साचलेलं दिसलं तर रॅकची आतली सील गेली असं समजायचं.

इथे आपल्या गाडीची एक गोष्ट मेकॅनिकला आठवणीने सांगा. जुलै २०२१ च्या पुरात ती दारात पाण्यात उभी होती, दारांच्या वर गाळ होता. तेव्हा आपण इंजिन आणि सीटा साफ करून घेतल्या, पण बुटांच्या आत पाणी शिरलं होतं का, ते कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. रॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सील टाकूनही ते पुन्हा फाटणार. तसं असेल तर अख्खा रॅक बदलणं हाच शहाणपणाचा खर्च, आणि पैसे मी देईन, त्यावर वाद नको. दांडा गुळगुळीत असेल तर सील किट टाकून काम भागू शकतं. म्हणजे सगळा निर्णय बूट सरकवून आत पाहण्यावर आहे, आणि ते पाहायला वेळ फारसा लागत नाही.

खरा मेकॅनिक मी यावरूनच ओळखते. गळती डोळ्यांनी दाखवतो आणि मग किंमत सांगतो. मागच्या वर्षी माझ्या गाडीचा पंप बदलायला सांगितला होता. नाना पेठेत पार्टची चौकशी करायला गेले, तर दुकानदाराने जवळच्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी आधी सगळा भाग पुसून कोरडा केला, डबी खुणेपर्यंत भरली, इंजिन चालू ठेवून मला स्टेअरिंग दोन्ही बाजूंना वळवायला लावलं आणि टॉर्च धरून खाली बघत राहिले. थोड्या वेळाने मला हाक मारून होजच्या जोडावर जमणारा थेंब दाखवला. पंपाला हातही लावला नाही. पाइप बदलल्यावर जुना पाइप कागदात गुंडाळून मला दिला. तेव्हापासून गाडीचं काहीही असलं तरी मी त्यांच्याकडेच जाते.

चिपळुणातही असा माणूस असणारच. दुकानाच्या पाटीवरून तो कळत नाही. आपल्यासारखीच गाडी भाड्याने चालवणारे स्टँडजवळ उभे असतात, शाळेची मुलं नेणारे आहेत, त्यांना विचारा. ज्यांचं पोट गाडीवर आहे, ते वाईट मेकॅनिककडे दुसऱ्यांदा जात नाहीत. दोघातिघांनी एकच नाव घेतलं की तिथे जा. जाताना “रॅक बदलायचाय” असं आपण सांगायचं नाही. “स्टेअरिंगचं ऑइल गळतंय, कुठून ते शोधून दाखवा” एवढंच सांगायचं. काढलेला पार्ट परत मागायचा, नवा सीलबंद पाकिटातला घ्यायचा, आणि लेबर किती ते आधी कागदावर. रॅक किंवा टाय रॉड (रॅक चाकाला जोडणारे दांडे) खोलले तर नंतर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, ते यातच धरा.

शेजारचे काका म्हणतात ती गळती थांबवणारी बाटली मात्र ओतू नका. तिने रबर फुगतं, काही दिवस थेंब थांबतो, आणि नेमकी गळती शोधणं आणखी अवघड होतं. बाबा, तुम्ही भरता त्या ऑइलच्या बाटलीवरचं नाव डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्याशी जुळतंय का, तेही पाहा. आणि चुकूनही त्यात ब्रेक ऑइल पडू देऊ नका, आतल्या सीलना ते चालत नाही. इंजिन चालू असताना होजवरून हात फिरवून गळती शोधायची नाही. आतला दाब इतका असतो की बारीक चिरेतून उडालेलं ऑइल कातडीत घुसू शकतं. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला आहे की पंपाखाली, ते बघा. ऑइल ओघळत दुसरीकडेही टपकतं, त्यामुळे पुठ्ठा फक्त अंदाज देईल, पण मेकॅनिकला सुरुवात करायला तेवढं पुरतं. तोवर स्टेअरिंग पूर्ण वळवून तिथेच दाबून धरू नका, पंपावर ताण येतो.

आई, पुठ्ठ्याचा फोटो सकाळी तूच पाठव, बाबा विसरतील. गॅरेजमध्ये बूट सरकवले की त्या दांड्याचाही फोटो काढायला सांग. दांडा गंजला असेल आणि रॅकच घ्यायचा ठरला, तर इथे नाना पेठेत चौकशी करून शनिवारी मी तो घेऊनच निघते.

तुमची लेक