रागावतो तपशीलवार, प्रेम मात्र मोघम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांचा अभ्यास, मोबाईल, हट्टीपणा यावर पेपरात बरंच छापून येतं आणि मी ते वाचतोही, दोन-तीन कात्रणं तर फ्रिजवर चिकटवलेली आहेत. आज ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती मात्र मला माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या बाहुलीमुळे कळली.

झालं असं की रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो, झोप काही लागत नव्हती, आणि बाहेर मुलगी बाहुलीला रागावत होती. काय रागावत होती म्हणून सांगू! "किती वेळा सांगितलं चपला दारात आडव्या टाकायच्या नाहीत, काल पण टाकल्यास, परवा पण टाकल्यास, आणि स्केचपेनची टोपणं कुठेयत, निळं सुकलं ना, आता रडू नको, आधी माझ्याकडे बघ, मी बोलतोय ना?" 'बोलतोय' म्हणाली हो, 'बोलतेय' नाही. म्हणजे ती बाबा झाली होती. चांगली पाचेक मिनिटं हे चाललं, मग बाहुलीला उचललं, पाठीवर थोपटलं, म्हणाली "चल, गुड गर्ल". संपलं. रागवायला पाच मिनिटं, तारीखवार, पुराव्यासकट. आणि प्रेम दोन शब्दांत.

मी तसाच पडून राहिलो आणि आठवायला लागलो की आपण तिला ती का आवडते हे कधी सांगितलंय का. आवडते हे सांगतो, रोज सांगतो, लव्ह यू म्हणतो, पिल्लू म्हणतो, झोपताना पापा घेतो. पण का आवडते? पोरीच्या चुका मला तोंडपाठ, तिच्यातलं काय बघून मला बरं वाटतं हे मात्र मीच मला कधी विचारलं नव्हतं.

एका पिढीला तर हे सांगणं म्हणजे लाड करून पोरं बिघडवणं वाटायचं, आणि त्यात मोठमोठे तज्ज्ञही होते. जॉन वॉटसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली पालकांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात चक्क सल्ला होता की मुलांना मिठी मारू नका, मांडीवर बसवू नका, अगदीच राहवलं नाही तर रात्री कपाळावर एकदा पापा घ्या आणि सकाळी हात मिळवा. हात मिळवा! आता आपण पार दुसऱ्या टोकाला गेलोय, दिवसभर 'वॉव', 'सुपर', 'बेस्ट', 'अमेझिंग', पोराने पेन्सिल उचलली तरी टाळ्या. पण नीट बघितलं तर दोन्हीत एक गोष्ट सारखीच आहे, पोराकडे निरखून बघायची गरज दोन्हीत लागत नाही. मोबाईलमधून मान वर न काढता 'वॉव' म्हणता येतं, मी म्हटलंय.

तर मी ठरवलं की आता कारणं सांगायची. त्याच रात्री तिला जवळ घेऊन सांगितलं की तू मला खूप आवडतेस कारण तू शहाण्यासारखी लवकर आवरतेस, ड्रॉइंग छान काढतेस, भावाला सांभाळतेस, पाहुणे आले की त्रास देत नाहीस. मला वाटलं जमलं. बायको शेजारी घड्या घालत होती, ती म्हणाली, "यातलं एक तरी कारण तिचं आहे का? सगळी तुझ्या सोयीची आहेत." लागलं, पण खरं होतं. मी प्रेमाची कारणं सांगत नव्हतो, चांगल्या वागणुकीचं प्रगतीपुस्तक वाचून दाखवत होतो.

इथे जरा थांबून दोन अभ्यासांबद्दल सांगतो, कारण नंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, ती झाल्यावर काहींना म्हटलं 'तू हुशार असणार' आणि काहींना 'तू मेहनत केली असणार'. बस, एवढाच फरक. पुढे अवघड कोडी दिल्यावर सगळ्यांचंच चुकलं, पण त्यानंतर परत सोपी कोडी दिली तर 'हुशार' ठरवलेल्यांचे मार्क पहिल्यापेक्षा कमी आले आणि मेहनतवाल्यांचे वाढले. आणि मला जास्त टोचलेली गोष्ट म्हणजे, आपले मार्क एका अनोळखी मुलाला नाव न घालता लिहून कळवायचे होते, तिथे हुशार म्हटलेल्या मुलांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. नाव नाही, ओळख नाही, तरी खोटं. कारण 'हुशार' हे लेबल एकदा लागलं की ते सांभाळत बसावं लागतं.

दुसरा अभ्यास २०१३ चा, एलिझाबेथ गंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ५३ मुलं साधारण सव्वा ते सव्वातीन वर्षांची असताना त्यांच्या घरातलं रोजचं बोलणं रेकॉर्ड केलं, कौतुकाचे शब्द मोजणार आहेत हे आईवडिलांना माहीत नव्हतं. ज्यांच्या कौतुकात मूल काय करतंय, कसं करतंय याबद्दलचं बोलणं जास्त होतं ती मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड गोष्टींना कमी घाबरताना दिसली. आणि त्यातच आणखी एक गोष्ट निघाली, अशा प्रकारचं कौतुक मुलग्यांच्या वाट्याला मुलींपेक्षा जास्त आलं होतं. हे वाचून मी माझ्या मुलीचं आणि मुलाचं आठवून बघितलं. त्याला मी म्हणतो 'अरे कसला चढलास रे वर!', तिला म्हणतो 'किती गोड दिसतेस'. तो काहीतरी करतो आणि ती दिसते. अशी घरं बरीच असतील असं आपलं मला वाटतं, नसतील तर आनंदच आहे.

तर बायकोच्या त्या टोमण्यानंतर आठवडाभर मी नुसतं बघत राहिलो. आणि काय काय सापडलं! मुंग्यांची रांग दिसली की ती त्यावरून उडी मारत नाही, लांबून वळसा घेऊन जाते आणि मलाही हात धरून तसंच नेते. चित्र काढताना गुणगुणते, एकच ओळ, तीही चुकीची, आणि रंग बदलला की सूर बदलतो. होऊन गेलेल्या सगळ्या दिवसांना ती 'परवा' म्हणते, तिचा मागचा वाढदिवसही परवाच झाला. जोक सांगायला घेतला की शेवट यायच्या आधी स्वतःच हसत सुटते त्यामुळे तो जोक आजवर कोणी पूर्ण ऐकलेला नाही. यातल्या एकाही गोष्टीला शाळेत स्टार मिळणार नाही. पण उद्या कोणी शंभर मुलं एका अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवली तर या गोष्टींवरून मी माझी बरोबर ओळखून बाहेर आणेन, आणि 'हुशार, गुणी, गोड' यावरून कोणाचीही आणेन.

लहान मुलांना असंच कळतं, हेही वाचनात आलं. सुझन हार्टर यांनी मुलं स्वतःबद्दल काय सांगतात याचा बरीच वर्षं अभ्यास केला. तीन-चार वर्षांचं मूल स्वतःची ओळख करून देताना 'मी प्रामाणिक आहे' वगैरे सांगत नाही, ते सांगतं मी जोरात पळतो, माझ्याकडे लाल बॉल आहे, मला अंक येतात. अशा डोक्यात 'तू किती गुणी आहेस' हे कुठे बसणार? 'तू मुंग्यांना वाट दिलीस' हे बसतं.

आपल्या भाषेचीही यात मदत होते बघा. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे मराठीत म्हटलं की नाटकातला डायलॉग वाटतो, मला तर पोटच्या पोरालाही तसं म्हणता येत नाही, म्हणून आपण इंग्रजीत लव्ह यू म्हणून मोकळे होतो. पण 'मला तुझं हे आवडतं' हे किती सहज येतं तोंडात. आणि 'तुझं' म्हटलं की पुढे काहीतरी नेमकं बोलावंच लागतं, वाक्य अर्धवट सोडता येत नाही.

आता अडचणी. मी गुणगुणण्याचं सांगितल्यावर ती खूश झाली, आणि थोड्या वेळाने अंधारात आवाज आला, "बाबा, मी नाही गुणगुणलं तर?"

हा प्रश्न साधा नाही. कार्ल रॉजर्स यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी यावरच किती लिहून ठेवलंय, की मुलाला एकदा वाटलं आपण अमुक वागलो तरच आवडतो, की ते स्वतःचं खरं वाटणं लपवायला शिकतं. २००४ मध्ये आवी असोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांना विचारलं होतं की आईवडिलांच्या मनासारखं वागलात तरच प्रेम मिळायचं का. ज्यांना तसं वाटत होतं ती पोरं आईवडिलांना हवं ते करायची, अगदी करायची, पण आतून ढकलल्यासारखं वाटून, आणि मनात आईवडिलांबद्दल राग धरून. म्हणजे कारणं सांगण्यातही गोची आहेच, कारणाची अट व्हायला वेळ लागत नाही.

मी तिला जे सुचलं ते सांगितलं. म्हटलं तू जन्मलीस तेव्हा नुसती झोपायचीस आणि रडायचीस, गुणगुणत नव्हतीस, मुंग्या माहीत नव्हत्या, जोक तर नव्हतेच, तरी आवडायचीस. आवडणं आधी आलं, ही कारणं मला नंतर सापडत गेली, आणि तू बदललीस की दुसरी सापडतील. तिने जरा विचार करून विचारलं, "रडायची ते पण आवडायचं?" खोटं कशाला बोला, म्हटलं रडणं नाही आवडायचं, तू आवडायचीस. पटलं असावं, कारण झोपली.

पण दुसऱ्या दिवशी ती चित्र काढताना माझ्याकडे बघत बघत मोठ्याने गुणगुणायला लागली! झालं, म्हणजे मीच ते बिघडवलं. तेव्हापासून शिकलो की जे चाललंय ते चालू असताना सांगायचं नाही, दोन-चार दिवसांनी, सहज, दुसऱ्याच कामात असताना सांगायचं. पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही, लगेच 'करून दाखव ना' सुरू होतं आणि पोराची सर्कस होते. एकाला सांगताना दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, 'तू ताईपेक्षा' म्हटलं की एका वाक्यात दोघांचं नुकसान. रागावल्यावर लगेच मलमासारखंही लावायचं नाही, पण ज्या दिवशी पोराचं सगळंच बिनसलंय त्या दिवशी झोपायच्या आधी एखादं जरूर सांगायचं, कारण त्या दिवशी ते बक्षीस म्हणून मिळतंय असं त्याला वाटूच शकत नाही. आणि फुगवायचं नाही. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं की स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्या मुलांनाच मोठी माणसं जास्त फुगवून बोलतात, 'सुंदर' ऐवजी 'कमालीचं सुंदर', आणि त्यामुळे तीच मुलं पुढचं अवघड काम टाळतात. आपल्याला वाटतं आपण हात देतोय.

अजून एक, आणि माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं. माणसाला सगळ्यात जुनं आठवतं ते सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयाचं, त्याआधीचं जवळपास सगळं पुसलं जातं. म्हणजे माझी मुलगी दोन वर्षांची असताना पावसाला 'थांब' म्हणून हात दाखवायची हे आज जगात फक्त आम्हा दोघांच्या डोक्यात आहे. तिच्या स्वतःच्या डोक्यात नाही! ते आम्ही सांगितलं नाही तर ते झालंच नाही तिच्यासाठी. चुका मात्र ती मोठी झाल्यावरही सगळे आठवण करून देतील, त्याची काळजी नको, नातेवाईक आहेत.

काही लोक म्हणतील आमच्या आईवडिलांनी कुठे असं काही सांगितलं, आम्ही वाढलोच ना. वाढलो की. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात असं काही सांगितलं नाही, मला त्यांचा राग नाही, त्यांचं प्रेम होतं हे मला पक्कं माहीत आहे. पण त्यांना माझ्यातलं नेमकं काय आवडायचं, हे मला आजही माहीत नाही, आणि आता विचारायची सोय नाही.

तुम्हाला एक विनंती. दहावी-बारावीच्या निकालानंतर तुम्ही मुलांचे फोटो छापता, टक्के छापता, ते छापाच. पण पुरवणीत एक छोटी चौकट अशी ठेवता आली तर बघा, की ज्यात आईवडील, आजी-आजोबा किंवा शाळेतल्या ताई एखाद्या लहान मुलाबद्दल चार ओळी लिहितील, ज्याला कुठलंच मेडल मिळालेलं नाही. फोटो नको, नाव नको, शाळेचं नाव तर नकोच, नाहीतर त्याचीही स्पर्धा होईल. फक्त वय आणि काय दिसलं ते.

माझ्या धाकट्याची एक पाठवून ठेवतो, जागा उरली तर वापरा:

वय साडेतीन. टेबलाला धडकला की टेबलाला सॉरी म्हणतो, आणि मग टेबल काही बोलतंय का म्हणून थोडा वेळ तिथेच उभा राहतो.

आपला,
एक वाचक